बाक काढा, समाज जोडा

तुम्ही आर्किटेक्ट असा, नगररचनाकार असा, नाहीतर नुसतेच सुशोभीकरणाच्या समितीवर असा. हल्ली 'सामाजिक शाश्वतता' (म्हणजे सगळ्यांना सामावून घेणारी, माणसं जोडून ठेवणारी जागा) घातल्याशिवाय तुमचं प्रेझेंटेशन कोणी बघणार नाही. घाबरू नका, सोपं असतं.

आधी चित्रं काढून घ्या. फुगे घेतलेली मुलं, हसरे आजी-आजोबा, एक व्हीलचेअर. व्हीलचेअर चित्रातच राहू द्या. एकास बारा उताराचा रॅम्प, म्हणजे फूटभर चढायला बारा फूट लांबी, फार जागा खातो.

लोकांना जरूर विचारा. टेंडर निघाल्यावर.

अमेरिकेतल्या शेरी आर्नस्टाइनबाईंनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सगळ्यात खालची पायरी म्हणजे लोकांना गुंडाळणं. तिथेच थांबा, उगाच चढून गुडघे कशाला दुखवायचे?

गुडघ्यांवरून आठवलं: बाक. तो पहिला उखडा. गेल्या रविवारी आईला नव्याने सजवलेल्या चौकात नेलं. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेत, रोज थोडं चालायला सांगितलंय. झाडाखालचा जुना बाक गायब. जागेवर स्टीलची पुढे कललेली पट्टी, मधे मधे दांडे. आई टेकली आणि घसरायला लागली. पाय रोवून बसली, तोही नेमका ऑपरेशनचा. शेवटी उठून झाडाच्या कठड्यावर बसली, तर रखवालदाराची शिट्टी! तिथे बसायला मनाई. समोर पाटी: 'सर्वांसाठी खुली जागा'.

न्यूयॉर्कने १९६१ मध्ये इमारतीपुढे मोकळी जागा सोडणाऱ्या बिल्डरांना जादा बांधकाम देऊ केलं. जागा सुटल्या आणि बऱ्याचशा ओस पडल्या. मग विल्यम व्हाइट नावाच्या गृहस्थांनी तिथे कॅमेरे लावले, आणि काय शोध लागला? बसायला जागा असेल तिथे माणसं बसतात! १९७५ मध्ये नियम बदलून बैठकी सक्तीच्या झाल्या. अहो, एवढ्यासाठी कॅमेरा कशाला, एक म्हातारी बरोबर घेऊन फिरा की.

आणि हो, लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावरच थांबवा, शेजारी जिन्यात भेटतील. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्रुइट-आयगो या सरकारी वसाहतीत हे करून झालंय. जिन्यात लुटारू भेटायचे. १९७२ पासून इमारती पाडायला घेतल्या.

जाऊ दे, थट्टा पुरे. तुम्हाला बेघर माणूस तिथे झोपायला नको होता आणि पोरं टवाळक्या करत बसायला नको होती, एवढंच ना? मग तसं लिहा पाटीवर. त्यांना हाकलायला केलेल्या बाकावरून माझी आई घसरली. तुमच्यापैकी एक तरी जण दहा मिनिटं त्यावर बसला होता का? लाज वाटायला हवी. तो जुना बाक कुठे टाकलाय तेवढं सांगा. आम्ही चौघं जाऊन उचलून आणतो.