पाचवीनंतर पट का घटतो, ते आधी पाहा

सोसायट्यांच्या आणि गावठाणांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘महापालिकेच्या शाळांत पाचवीनंतर मुलं टिकत नाहीत, कारण तिथे शिकवत नाहीत. पाचवीतल्या निम्म्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही. सगळ्यांना वर ढकलतात. अशा छोट्या शाळा शेजारच्या शाळेत विलीन करा.’ नवी मुंबईतल्या पालकांनी हे वाचून मुलांचे दाखले काढायला जाऊ नये, म्हणून लिहितोय.

पट घटतो, हे खरं. पण का? आपल्याकडच्या बऱ्याच प्राथमिक शाळा सातवी-आठवीला संपतात आणि अनुदानित हायस्कुलं पाचवी ते दहावीची असतात. पुढे प्रवेश मिळेल की नाही, या धास्तीने आईबाप पाचवीतच तिथली जागा धरतात. गणिताच्या बाई वाईट शिकवतात म्हणून मूल काढलेलं नसतं.

दुसरं कारण कागदावरचं आहे आणि मला त्याचा जास्त राग येतो. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवताना, आधार वैध ठरलेलीच मुलं धरतात. तुर्भे-दिघ्याकडच्या वस्त्यांतलं नाका कामगाराचं मूल रोज वर्गात बसतं, पण नावातल्या एका अक्षराच्या फरकामुळे मोजलं जात नाही. त्यात 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने सहावी ते आठवीचा पट 20 च्या खाली गेला की नियमित शिक्षकाचं पद मंजूर होत नाही. शिक्षणहक्क कायदा मात्र याच वर्गांसाठी विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्रं यांना किमान एकेक शिक्षक द्या म्हणतो. आधी शिक्षक काढायचा आणि मग ‘शिकवत नाहीत’ म्हणायचं, हा अन्याय आहे.

वाचनाचा आकडा ‘असर’ या शिक्षणपाहणीच्या अहवालांच्या नावाने फिरवला जातो. ती पाहणी ग्रामीण भागात, घरोघरी होते आणि तिच्यात खासगी शाळांतली मुलंही असतात. तिच्यावरून वाशी-नेरुळच्या महापालिका शाळांचा निकाल लावता येत नाही.

‘वर ढकलतात’ हेही जुनं झालं. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. पुनर्परीक्षेतही नापास झालेलं मूल त्याच वर्गात राहतं.

आठवीतल्या एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेबद्दल त्या मजकुरात अक्षर नाही. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात आणि विनाअनुदानित खासगी शाळेतल्या मुलांना तिला बसताच येत नाही. कमी उत्पन्नाच्या घराने दाखला काढण्याआधी याचा विचार करावा.

राहिलं विलीनीकरण. सहावी ते आठवीसाठी नियमात 3 किलोमीटरचं अंतर चालतं. पण एमआयडीसीच्या बाजूच्या वस्तीतून नोडमधल्या, म्हणजे सिडकोने वसवलेल्या भागातल्या शाळेत जायचं तर अवजड गाड्यांचा ठाणे-बेलापूर रस्ता मध्ये येतो. रोज पोहोचवायला कोणी नसेल, तर मुलीची शाळा आधी सुटते.

शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालकच असतात. या महिन्याच्या बैठकीत दोन ठराव मांडा: आधार दुरुस्तीचं शिबिर शाळेतच घ्या आणि आठवीला थांबणाऱ्या शाळेला नववी-दहावीचे वर्ग जोडा.