हनुवटीचे केस आणि ‘फालतू लाड’ : एका काकांना उत्तर

काका, नमस्कार. इथल्या, म्हणजे इंदूरच्या, वृद्धाश्रमांत आजी-आजोबांची नखं, दाढी, वेणी कशी होते यावर मी लिहिलं आणि तुम्ही चांगलेच रागावलात. ‘दोन बायका वीस जणांचं करतात, तिथे हनुवटीचे केस काढायला वेळ कुणाला? कायद्यात अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी एवढंच आहे, ते मिळालं तरी पुष्कळ. या वयात नटायचे फालतू लाड कशाला?’

नटणं बाजूला ठेवू, नखंच घेऊ. मधुमेह जुना झाला की पायाला कळेनासं होतं. वाढलेलं नख शेजारच्या बोटात रुततं, जखम चिघळते, कधी बोट काढायची पाळी येते. म्हणून अंघोळीनंतर नखं मऊ असताना सरळ कापायची, कोपरे कोरायचे नाहीत. त्या निमित्ताने कुणीतरी पाय हातात घेतं आणि टाचेची भेग, बेचक्यातल्या चिखल्या नजरेला पडतात. दाढीचंही तेच. एकाच रेझरने ओळीने सगळ्यांची दाढी उरकली की हिपॅटायटिस बी आणि सी पसरण्याचा धोका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल त्याला तर ट्रिमरच बरा.

वेळ नाही, हे खरंच आहे. पण त्यावर काही ठिकाणी काढलेला तोडगा तुम्ही पाहिलात का? सरसकट सगळ्या आजींचा बॉयकट! उवांची कटकट नाही, पाणी कमी लागतं (नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेही मान्य). केस कापण्याबद्दल माझी तक्रारच नाही. काही आजी आपणहून म्हणतात, काढून टाक गं हे जंजाळ. तक्रार आहे ती न विचारण्याबद्दल. आपल्या पणज्यांचे केसही कुणी विचारून काढत नव्हतं. 1890 मध्ये मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनीच ठरवलं, की विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही. तेव्हा कारण धर्माचं होतं, आता सोयीचं आहे. पुढ्यात बसलेल्या बाईला तेव्हाही कुणी विचारलं नाही, आताही नाही.

हनुवटीच्या केसांना तुम्ही हसलात. पाळी गेल्यावर संप्रेरकं बदलतात आणि हे राठ केस येतात. बोटांना ते लागतात, पण दिसत नाहीत, आणि हात थरथरत असल्याने चिमटा धरता येत नाही. मुलगा भेटायला आला की पदर हनुवटीवर ओढून बसणाऱ्या आजी मी पाहिल्या आहेत. त्यांना लाड नको होते, दोन मिनिटं हवी होती.

अंघोळीचं तर विचारूच नका. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना दोघांनी धरायचं, काही न सांगता डोक्यावर तांब्या ओतायचा, ते घाबरून हात उगारणार, की वहीत नोंद ‘मारकुटे’! तेच पायापासून सुरुवात केली, अंगावर टॉवेल राहू दिला, ‘आता पाठीवर पाणी घालते हं’ असं सांगत गेलं, तर पुष्कळदा झटापट टळते. यात वेळ वाचतोच, काका. (2017 पासून स्वच्छतेत पहिल्या नंबरासाठी गाजणारं आपलं गाव, न्हाणीघराला पडदा लावणं तरी जमावं.)

राहिला कायदा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निर्वाहाची व्याख्या तुम्ही म्हणता तशीच आहे. पण पुढे त्याच कायद्यात मुलांची जबाबदारी सांगताना म्हटलंय, की आईवडिलांना सामान्य आयुष्य जगता यावं इतपत गरजा भागवायच्या. रोज दाढी करणाऱ्या माणसाचं सामान्य आयुष्य कसं असतं, ते तुम्हीच सांगा.

आणि खर्चाचं म्हणाल, तर तुमच्या ताई तिथे आहेत असं तुम्हीच लिहिलंय. पुढच्या वेळी शेव-मिठाईच्या पुड्याऐवजी नेलकटर, त्यांच्या नावाची चिठ्ठी लावलेला कंगवा आणि तेलाची बाटली न्या. तेल कुठलं, ते मात्र आधी फोन करून त्यांनाच विचारा.