लेवांडोव्स्की आडनावाची ती व्हायरल पोस्ट, आणि तिच्यातल्या थापा

फुटबॉलच्या ग्रुप्समधे एक पोस्ट परत परत फिरतेय. पोलंडचा फुटबॉलपटू रॉबर्ट लेवांडोव्स्की याचा फोटो, शेजारी एक ढालीवरचं राजचिन्ह, आणि खाली 'हे तुम्हाला माहीत आहे का' छाप मुद्दे. सार असं, की लेवांडोव्स्की म्हणजे 'सिंहाचे वंशज', हे पोलंडमधलं एक जुनं सरदार घराणं, जगातले सगळे लेवांडोव्स्की त्याच एका कुळातले आणि झाडून सगळे कॅथलिक, अमेरिकेत गेलेल्यांची नावं एलिस आयलंडवरच्या (न्यूयॉर्क बंदरातलं बेट, जिथे बाहेरून येणाऱ्यांची तपासणी व्हायची) कारकुनांनी तोडून ठेवली, आणि आज पोलंडपेक्षा बाहेरच लेवांडोव्स्की जास्त आहेत. शेवटी 'जास्तीत जास्त शेअर करा' हे ओघानं आलंच.

आता एकेक घेऊ. क्रम पोस्टचाच ठेवतो, पण काही मुद्दे दोन ओळींत संपतात आणि एकदोन ठिकाणी बसून बोलावं लागेल.

'सिंहाचे वंशज'. पोलिशमधे सिंहाला लेव म्हणतात हे खरं, पण या आडनावाचे तुकडे लेव आणि पुढचं उरलेलं असे पडतच नाहीत. शेवटचं स्की काढलं की मागे गावाचं नाव उरतं, लेवान्दुव किंवा त्याच्या आसपासचं काहीतरी. वॉर्सॉ शहराच्या उत्तरेकडच्या भागात लेवान्दुव नावाची वस्ती आजही आहे. आणि गावाच्या त्या नावाचा संबंध लावतात तो लॅव्हेंडरशी, म्हणजे त्या जांभळ्या वासाच्या फुलांशी. सिंह गेला, फुलं आली! (रॉबर्टला पोलंडमधे 'लेवी' म्हणतात, तेही आडनावाचंच लाडकं रूप, आणि पोलिशमधे लेवी म्हणजे डावा. गडी खेळतो उजव्या पायानं. यावर अजून कुणी पोस्ट कशी काढली नाही कोण जाणे.)

'सरदार घराणं'. ही थाप सगळ्यात जास्त चालते, आणि फक्त या आडनावापुरती नाही, शेवटी स्की दिसलं की लोक डोळे झाकून उमराव ठरवून मोकळे होतात. याला मुळात थोडा आधार आहे म्हणूनच ती टिकते. पंधराव्या-सोळाव्या शतकात जमीनदार लोक 'अमुक गावचा यान' (यान हे माणसाचं नाव) असं लिहायचे, तार्नुव गावचा जो, तो पुढे तार्नोव्स्की झाला. तेव्हा गाव मालकीचं असायचं आणि आडनाव त्या मालकीची पाटी. पण पुढे शहरातल्या कारागिरांनी, मग शेतकऱ्यांनी तेच शेपूट उचललं, कुणाला पाद्र्यानं नोंदवहीत लावून दिलं, कुणी स्वतःच लावून घेतलं, कुणी नुसतं त्या गावाहून दुसऱ्या गावात राहायला आला म्हणून त्याला शेजाऱ्यांनी चिकटवलं. पोलंडमधला उमराव वर्ग, ज्याला ते श्लाख्ता म्हणतात, तो एकूण लोकसंख्येच्या साधारण ८ ते १० टक्के होता. युरोपात हे प्रमाण खूप मोठं मानतात, तरी स्कीवाले याच्या कितीतरी पट आहेत, मग बाकीचे कुठून आले?

आपल्याकडच्या माणसाला हे समजवायला खरं तर एक मिनिट पुरतं. 'कर'. वडगावकर म्हटलं की वडगावचा एवढंच कळतं, तो तिथला इनामदार होता की तिथून पोट भरायला बाहेर पडला होता हे आडनाव सांगत नाही, जातही सांगत नाही, आणि वडगावं तर प्रत्येक तालुक्यात एक, त्यामुळे दोन वडगावकर भेटले म्हणजे भाऊबंद निघाले असं आपण चुकूनही म्हणत नाही. मग पोलंडचा विषय आला की आपली ही अक्कल कुठे जाते?

त्या राजचिन्हाबद्दल पण सांगून टाकतो. पोलंडमधे चिन्ह सहसा एका घराण्याचं नसायचं. एकच चिन्ह शेकडो घराणी वापरायची, ज्यांचं एकमेकांशी रक्ताचं नातं नाही, आडनावं वेगळी, जिल्हे वेगळे. आणि उलटंही, एकाच आडनावाच्या दोन घरांची चिन्हं वेगवेगळी. त्यामुळे 'लेवांडोव्स्की आडनावाचं चिन्ह' म्हणून मगवर नाहीतर टीशर्टवर छापून जे विकतात ते आडनावाच्या नावाखाली खपवलेलं चित्र आहे, बस. १९२१ च्या पोलिश संविधानानं तर घराण्यांच्या पदव्या आणि चिन्हं यांना राज्याची मान्यताच काढून घेतली.

'सगळे एका कुळातले, सगळे कॅथलिक'. पोलंडमधे आजच्या घडीला लेवांडोव्स्की आणि लेवांडोव्स्का मिळून सुमारे ९० हजार लोक आहेत, देशातल्या पहिल्या दहा आडनावांत ते येतं. एका जोडप्यापासून एवढे झाले असं मानायचं तर माना, पण हे आडनाव ठिकठिकाणी, वेगवेगळ्या काळात, आपापलं उगवलेलं आहे.

आणि कॅथलिक म्हणाल तर सगळ्यात जुन्या नावाजलेल्या लेवांडोव्स्कींपैकी एक जण ज्यू होता. लुई लेवांडोव्स्की. पोझनानजवळच्या व्झेश्न्या गावात जन्म, ते गाव तेव्हा प्रशिया या जर्मन राज्यात होतं, लहान वयात बर्लिनला गेला आणि पुढे १८६६ साली उघडलेल्या तिथल्या नव्या सिनेगॉगचा संगीत प्रमुख झाला. १८९४ ला वारला. त्यानं बांधलेल्या चाली जगभरच्या सिनेगॉगमधे अजून गातात. आता ज्यू माणसाकडे हे आडनाव कसं? तर तोवर बहुतेक ज्यू लोकांत कायमचं आडनाव लावायची पद्धतच नव्हती, बापाचं नाव पुढे लावायचं की झालं. पोलंडचे तुकडे ज्या तीन सत्तांनी वाटून घेतले त्यांना कर आणि सैन्यभरतीसाठी याद्या हव्या होत्या, म्हणून त्यांनी आडनाव सक्तीचं केलं, ऑस्ट्रियानं १७८७ ला, प्रशियानं आपल्या वाट्याच्या भागात १७९७ ला, आणि रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमधे १८२१ ला. आडनाव घ्यायचंच आहे म्हटल्यावर पुष्कळांनी गावाचं घेतलं, वार्शाव्स्की, क्राकोव्स्की वगैरे. म्हणजे सरदार, शेतकरी आणि ज्यू व्यापारी तिघं एकाच शेपटाचे, आणि तिघांची कारणं तीन.

आता एलिस आयलंड, इथे बसून बोलायचंय. ही कथा अमेरिकेतच इतकी पसरलीय की तिथल्या नातवंडा-पतवंडांनाही ती आजोबांच्या तोंडची वाटते. आळशी कारकून, समोर घाबरलेला पोलिश शेतकरी, 'काय नाव म्हणालास? जाऊ दे, आजपासून तू लुईस.' दृश्य भारी आहे, फक्त तिथलं काम असं चालतच नव्हतं.

एलिस आयलंड १८९२ ला सुरू झालं. तिथला इन्स्पेक्टर कोऱ्या कागदावर नाव विचारून लिहीत नसे, त्याच्यासमोर जहाजाची प्रवासी यादी असायची, आणि ती यादी भरलेली असायची हँबुर्ग किंवा ब्रेमेनला, जहाज कंपनीच्या माणसांनी, तिकीट देतानाच. १८९३ च्या कायद्यानं तर प्रत्येक प्रवाशाचे ढीगभर तपशील आधीच भरून आणायचं बंधन कंपन्यांवर टाकलं. इन्स्पेक्टर तेच प्रश्न परत विचारायचा, उत्तर जुळलं की खूण करायचा, पुढचा. दुभाषे पगारी होते, पुढे न्यूयॉर्कचा महापौर झालेला फिओरेलो ला गार्डिया स्वतः १९०७ ते १९१० तिथे दुभाषा होता. आणि तिथून बाहेर पडताना हातात नव्या नावाचा काही दाखला मिळत नव्हता, म्हणजे कारकुनाला वाटलं तरी नाव 'बदलणार' कशावर?

मग नावं बदलली ती कुठे? बरीचशी बोटीत पाय ठेवायच्या आधीच. कल्पना करा, १८८० च्या सुमारास रशियाच्या ताब्यातल्या एखाद्या खेड्यात पोरगं जन्मलं. १८६८ पासून तिथल्या नोंदी रशियनमधे ठेवायची सक्ती, म्हणून पाद्री सगळा मजकूर रशियन लिपीत लिहितो, आणि आपलाच घोटाळा होऊ नये म्हणून नावाच्या शेजारी कंसात परत पोलिशमधे नाव लिहून ठेवतो. तारखाही दोन, एक रशियन पंचांगाची, एक आपली, मधे १२ दिवसांचा फरक. तेच पोरगं वीस-बावीस वर्षांनी जर्मन बंदरावर येतं, तिथला जर्मन माणूस कानाला जसं ऐकू आलं तसं जर्मन पद्धतीनं लिहितो, शेवटी आय ऐवजी वाय. आणि हे पोरगं शेजारच्या प्रशियन भागात जन्मलं असतं तर १८७४ पासूनची सरकारी नोंद थेट जर्मनमधेच. म्हणजे न्यूयॉर्कचं बंदर दिसायच्या आत एका माणसाच्या आडनावाची तीन रूपं झालेली, एकाही अमेरिकनानं अजून पेन उचललेलं नाही. वर १७९५ ते १९१८ पोलंड नकाशावरच नव्हता, त्यामुळे देशाच्या रकान्यात रशिया, जर्मनी नाहीतर ऑस्ट्रिया.

उरलेला बदल अमेरिकेत झाला, पण हळूहळू आणि बहुतेक वेळा स्वखुशीनं. पोलिशमधे डब्ल्यूचा उच्चार व होतो, आणि स च्या आधी तो फ सारखा लागतो, लेवान्दोफ्स्की. अमेरिकन फोरमन डब्ल्यू बघून लेवनडाउस्की वाचणार. ट्रम्पचा २०१६ चा कँपेन मॅनेजर कोरी लेवांडोव्स्की, मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलचा, त्याचं आडनाव तिकडे असंच काहीसं उच्चारतात. कुणी कंटाळून डब्ल्यू काढून व्ही घातला म्हणजे निदान उच्चार तरी वाचेल, बिनड्रायव्हरच्या गाड्यांवरून गूगल-उबरच्या खटल्यात गाजलेला अँथनी लेवांडोव्स्की व्ही लावतो. कुणी मधलं अक्षर गाळलं, कुणी अर्धं आडनाव ठेवलं. तिथल्या कायद्यात नाव बदलायला फार खटपट नव्हती, वापरायला लागलात की ते तुमचं, आणि १९०६ च्या कायद्यानंतर नागरिकत्व घेतानाच कोर्टाकडून नवीन नाव पक्कं करून घेता यायचं. म्हणजे बदलाचा कागद सापडलाच तर तो बंदरावर नाही, कोर्टात सापडतो, खाली अर्जदाराची स्वतःची सही. पण घरात 'बाबांनी नोकरी मिळावी म्हणून आडनाव कापलं' सांगण्यापेक्षा कारकुनाच्या डोक्यावर खापर फोडणं सोपं.

अजून एक, सगळे पोलिश लोक एलिस आयलंडवरून आलेच नाहीत. टेक्सासमधलं पान्ना मारिया हे त्यांचं पहिलं गाव १८५४ ला वसलं, म्हणजे एलिस आयलंडच्या ३८ वर्षं आधी, आणि ते लोक उतरले होते टेक्सासच्याच गॅल्व्हेस्टन बंदरात.

आणि अमेरिका म्हणजे काही सगळं जग नाही, जे पोस्टवाला साफ विसरलाय. जर्मनीतल्या रूर खोऱ्यात कोळशाच्या खाणींवर पहिल्या महायुद्धापर्यंत लाखो पोलिश बोलणारे लोक जाऊन राहिले. प्रशियन प्रजाच होते ते, सीमा ओलांडायची नव्हती, रेल्वेनं गेले. म्हणून डॉर्टमुंड, गेल्सनकिर्खेनच्या फोनबुकात स्की आडनावं भरलेली. रॉबर्ट २०१० ला डॉर्टमुंडला खेळायला गेला तेव्हा ते आडनाव तिथे नवीन नव्हतंच, २०१२ मधे लेव्हरकुसेनचा कोच झालेला साशा लेवांडोव्स्की डॉर्टमुंडमधेच जन्मला होता. नातं? काही नाही. १९१८ नंतर यातले बरेच खाणकामगार उत्तर फ्रान्सच्या खाणींत सरकले. फ्रान्सचा फुटबॉलपटू रेमाँ कोपा, १९५८ चा बॅलन डी'ओर (सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार) विजेता, खाणीच्या गावातला, पूर्ण आडनाव कोपाशेव्स्की.

ब्राझीलचं वेगळंच. १८९०-९१ मधे रशियन पोलंडमधे फुकट जमिनीच्या बातमीनं असा ताप चढला की त्याला नावच 'ब्राझीलचा ताप' पडलं, खेडीच्या खेडी पाराना राज्याकडे निघाली. आज तिथे पोलिश आडनाव कुणाला परकं वाटत नाही. रिकार्दो लेवांडोव्स्की, रिओत जन्मलेला, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा अध्यक्ष होता आणि २०१६ ला राष्ट्राध्यक्ष दिल्मा रूसेफवरचा महाभियोग सिनेटमधे त्याच्याच अध्यक्षतेखाली चालला. ट्रम्पचा माणूस आणि हा न्यायाधीश एका कुळातले म्हणायचं तर धाडस हवं.

आणि सगळे भाकरीसाठी गेले असंही नाही. १९४०-४१ मधे सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधून लाखोंना सायबेरिया, कझाकस्तानात हाकललं, त्यातले काही १९४२ ला इराणमार्गे सुटले, आणि त्यातलेच सुमारे ५००० जण, बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे कँपात राहिले. पाच वर्षं हातकणंगले-कोल्हापूर पट्ट्यात स्की आणि स्का आडनावांची शाळा भरत होती! मग ते ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला गेले, थोडे पोलंडला परतले, आणि त्या बराकींत फाळणीत आलेले सिंधी लोक राहायला आले, आजचं गांधीनगर ते हेच.

राहिला शेवटचा दावा, 'पोलंडपेक्षा बाहेर जास्त'. अजिबात नाही. अमेरिकेतला आकडा पोलंडच्या पाव भागालाही पोचत नाही. गोंधळ होतो तो असा, की आडनावांच्या बऱ्याच साइट्स लेवांडोव्स्की आणि लेवांडोव्स्का ही दोन वेगळी आडनावं धरतात. पोलंडमधे बाईचं आडनाव स्का होतं, त्यामुळे नुसतं स्की शोधलं की पोलंडमधले अर्धे लोक गायब. अमेरिकेत मात्र आजी, आई, मुलगी सगळ्या स्कीच. मग तुलना होते पोलंडमधल्या फक्त पुरुषांची आणि अमेरिकेतल्या अख्ख्या कुटुंबांची. २००४ ला पोलंड युरोपियन युनियनमधे आल्यावर ब्रिटन, आयर्लंडला जे गेले त्यांच्या पासपोर्टवर स्का तसंच आहे, म्हणून तिथल्या याद्यांत दोन्ही रूपं शेजारीशेजारी दिसतात.

कुणाला खरंच या आडनावाचा माग काढायचा असेल तर आडनावापासून सुरुवात करू नका, गावापासून करा. कुठल्या पॅरिशची, म्हणजे कुठल्या चर्चच्या हद्दीतली नोंद ते कळलं, की पोलिश स्वयंसेवकांनी बनवलेली गेनेटेका नावाची सूची फुकट आहे, तिच्यात शोधा. आणि जहाजांच्या याद्यांमधे डब्ल्यू, व्ही, शेवटचा आय, वाय, सगळी रूपं टाकून बघा.