आजी जड नव्हत्या

आज सकाळी आपल्याच भागातल्या एका जुन्या स्टेशनावर (नाव नको, उगाच कुणावर तरी शेकायचं) दोन हमालांनी एका आजींना व्हीलचेअरसकट उचलून वर नेलं. तीन दगडी पायऱ्या. वर टेकल्यावर आजी ओशाळून विचारतात, "फार जड नाही ना रे झाले मी?" तेव्हापासून डोकं फिरलंय.

त्यात शेजारचे एक सद्गृहस्थ म्हणाले, "हेरिटेज आहे हो. रॅम्प कुठे लावणार?"

कुठे म्हणजे? तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटीमीटर. १:१२ च्या उताराने (एक हात चढायला बारा हात लांबी) ५.४ मीटर, वर आणि खाली दीड-दीड मीटर सपाट. झाले ८.४ मीटर. तीन रिक्षा एकामागोमाग लावल्या की संपली जागा. रिक्षांना ती जागा मिळते, बरं का.

आणि दगडाला एक भोकही पाडावं लागत नाही. लोखंडी सांगाडा, खाली-वर करता येणारे पाय, पायांखाली रबर, भिंतीपासून चार बोटं सुटा. सगळं स्वतःच्या वजनावर उभं. उद्या नको झालं तर पाना घ्या, खोला. आपल्याकडे मात्र काँक्रीट थेट काळ्या दगडाला भिडवून ओततात. जुने सांधे चुन्याचे, ओल तिथूनच बाहेर पडते. तोंड बंद केलं की ती भिंतीत वर चढते, आतला गिलावा फुगतो, पडतो. मग बोंब काय, तर रॅम्पने वास्तू खराब केली!

वर घोटीव ग्रॅनाइट लावणाऱ्याला तर जुलैत त्याच उतारावरून चालवायला हवं. खरबरीत फ्लेम फिनिश लावा. कठडा ७० आणि ९० सेंटीमीटर अशा दोन उंचींवर, कडेला बुटकी पाळ, म्हणजे पुढचं चाक बाहेर घसरत नाही. एवढंच.

पुणे स्टेशनची इमारत २७ जुलै १९२५ ची, शंभरी ओलांडलेली. आजी तिच्यापेक्षा फार लहान नसाव्यात. इमारतीचं कौतुक मलाही आहे. पण रॅम्प दर्शनी कमानीसमोरच हवा असं कोण म्हणतंय? बाजूचं दार द्या, फक्त ते उघडं ठेवा. 'चावी मास्तरांकडे' ही पाटी नको. पाट्यांत आपला हात कुणी धरत नाही, माहितीये.

बरं, पायऱ्या सुटल्या तरी पुढे काय? फलाट रुळापासून जास्तीत जास्त ८४ सेंटीमीटर, डब्याची फरशी सुमारे १३०. मधले ४५ सेंटीमीटर पुन्हा तेच! मालगाड्याही त्याच रुळांवरून जातात, त्यामुळे फलाट हवा तेवढा उचलता येत नाही, हे मान्य. मेट्रोत फलाट आणि डबा एका पातळीत असतात कारण तिथे एकाच जातीची गाडी धावते, हेही मान्य. मग घडीचा अ‍ॅल्युमिनियमचा रॅम्प ठेवा. मदतनीस असेल तर १:६ चालतो, म्हणजे पावणेतीन मीटर. तो दिव्यांग डबा थांबतो तिथेच हवा, कार्यालयाच्या कपाटामागे नव्हे. २२ डब्यांची गाडी सव्वापाचशे मीटर, दिव्यांग डबा बहुतेकदा टोकाला, लिफ्ट मध्यावर. गाडी दोन मिनिटं थांबते. करा हिशोब.

सगळ्यात संताप येतो तो नूतनीकरणाचा. जुन्या फरशीवर नवी फरशी, फलाट पाच सेंटीमीटर वर, रॅम्प होता तिथेच. टोकाला नवा उंबरठा. व्हीलचेअरची पुढची चाकं लहान, ती तिथे अडतात आणि माणूस तोंडावर जातो. अंधांना पायाने वाट कळावी म्हणून बसवलेल्या पिवळ्या पट्ट्यांचंही तेच. उभ्या रेघा म्हणजे चला, ठिपके म्हणजे थांबा. एक फरशी फुटली की हाताला लागेल ती बसवतात, आणि चालायच्या वाटेत 'थांबा' येतं. रेघा जाऊन भिडतात कुठे, तर वजनकाट्याला. दिव्यांग स्वच्छतागृहाचं दार आत उघडतं, खुर्ची आत गेली की दार लागत नाही. अर्थात आत झाडू आणि बादल्या असतात, त्यामुळे तो प्रश्न सहसा येतच नाही.

खर्च होतो, हो. होऊ दे.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या हमालांचं काही चुकलं नव्हतं, एकाने तर आजींची चप्पल सरळ करून पायात घातली. पायऱ्यांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. आजींनी तरी एकाच्या खिशात नोट कोंबलीच.