गोदावरीच्या मुखाजवळची वाळू सह्याद्रीची? खुलासा

‘गोदावरी त्र्यंबकेश्वरची, म्हणून आंध्रातल्या तिच्या मुखाजवळची सगळी वाळू सह्याद्रीचा बेसाल्ट झिजून झाली,’ असा मजकूर फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे.

खोऱ्याचा जवळपास निम्मा भाग दख्खनच्या लाव्हाखडकावर, म्हणजे बेसाल्टवर, आहे, हे बरोबर. पण बेसाल्टमध्ये गारेचं खनिज क्वार्ट्‌झ जवळजवळ नसतंच (पोकळ्यांत साठलेली गारगोटी, अकीक सोडून), आणि मुखाजवळच्या वाळूत ते भरपूर सापडतं. शिवाय गार्नेट आणि सिलिमनाइटही. ही खनिजं लाव्हारसातून येत नाहीत. ती पूर्व घाटातल्या रूपांतरित खडकांची ओळख आहे. इंद्रावती, शबरी या उपनद्या तिकडूनच येतात. प्राणहितेतून येणारा काही गाळ तर भंडारा-गोंदियाकडच्या प्राचीन ग्रॅनाइट-नाइस खडकांचा, म्हणजे महाराष्ट्राचा, पण बेसाल्टचा नाही!

मग बेसाल्ट गेला कुठे? बराचसा बारीक चिखलात. तो झिजून स्मेक्टाइट नावाची फुगणारी माती होते, आपल्या काळ्या रानातली तीच. ती पाण्यात तरंगत लांब जाते.

स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याची समस्थानिकंही (एकाच मूलद्रव्याची वेगवेगळ्या वजनाची रूपं) गाळ कुठल्या खडकाचा याची साक्ष देतात. जुन्या ग्रॅनाइटी खडकांत रुबिडियमच्या किरणोत्सारी क्षयातून स्ट्रॉन्शियम-८७ साठत जातं. सुमारे ६.६ कोटी वर्षांच्या, रुबिडियम कमी असलेल्या बेसाल्टमध्ये स्ट्रॉन्शियम-८७ चं प्रमाण साधारणपणे कमीच राहतं. पण वाळू आणि चिखल वेगवेगळ्या खडकांतून आलेले असू शकतात, म्हणून गाळाचा नमुना तपासताना ते वेगळे मोजावे लागतात. एकाच ओंजळीतल्या दोघांचं गाव वेगळं असू शकतं. नुसता काळा रंग पाहून तर काहीच ठरवू नये.