‘आमरण’ असं लिहून आणा

पेन्शनर मित्रहो, गुडघे अजून साथ देतात, साखर आटोक्यात आहे आणि दुपार खायला उठते? मग परदेशात रहिवासासाठी अर्ज करा. दुपार कुठे गेली ते कळणारसुद्धा नाही.

आधी देश निवडा. मुलगी लंडनला असली तरी ब्रिटनकडे बघू नका. पदरी पैसा असलेल्या निवृत्तांसाठी तिथे वेगळी वाट होती, ती २००८ सालीच बंद झाली. स्पेन महिन्याला २,४०० युरो दाखवा म्हणतो. थायलंडला बँकेत ८ लाख बात हवेत. आपण पडलो गोंयकार, एकसष्टपर्यंत पोर्तुगालच्याच अमलाखालचे, तेव्हा फिरून फिरून गाडी पोर्तुगालवर येते. तिथे ‘डी सेव्हन’ नावाचा व्हिसा आहे. पेन्शन, ठेवींचं व्याज, गाळ्याचं भाडं असं बसल्या जागी येणारं उत्पन्न दाखवायचं. ते तिथल्या किमान वेतनाइतकं हवं. २०२५ साली हा आकडा महिना ८७० युरो होता. बायकोला सोबत न्यायचं तर तिचे त्याच्या निम्मे. अर्धांगिनी हा शब्द इतका मनावर घेणारा देश दुसरा नसेल. (आमच्या हिला हा विनोद आवडलेला नाही.)

शेजारी म्हणतील, “बापायचो जल्म एकसठ पयलींचो न्हय? मागीर तांचो पासपोर्टच काड मरे!” पोर्तुगालचा पासपोर्ट काढला की आपला जमा करावा लागतो आणि मला दर चवथीला फोंड्यात माझ्याच घरी, माझ्याच पासपोर्टावर यायचं आहे, हे त्यांना समजावत बसू नका. चहा द्या.

घर आधी भाड्यानं घ्या, मग त्या देशात राहायची परवानगी मागा. क्रम हाच आहे, माझी टायपिंगची चूक नाही. घराआधी बँक खातं आणि खात्याआधी तिथला करक्रमांक. मी ब्रागा शहरातला दोन खोल्यांचा फ्लॅट व्हिडिओ कॉलवर पाहिला. दलालानं न्हाणीघरातला नळ सोडून दाखवला. तो नळ बघूनच मी करार केला. फोंडेकरांना कारण सांगायला नको.

लग्नाच्या नोंदीत बायकोचं माहेरचं नाव आणि पासपोर्टावर सासरचं असेल, तर या दोन बायका एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र करा. नोटरी ‘वन अँड द सेम’ एवढं ऐकताच कागद काढतो. चाळीस वर्षं संसार करून मलाही ती खात्री नव्हती, आता शिक्क्यानिशी आहे.

अपोस्टिल (म्हणजे परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का) झालेल्या कागदाची पिन झेरॉक्सवाल्याला काढू देऊ नका. का, ते विचारू नका.

आता खरी मजा. पेन्शन तुम्हांला आयुष्यभर मिळणार आहे, असं पेन्शन देणाऱ्या खात्याकडून पत्र आणा. साधं, लेटरहेडवर, इंग्रजीत, दोन ओळींचं. मी चवथ झाल्यावर लगेच गेलो. (चवथीआधी जाणारा माणूस गोव्याचा नव्हेच.) पहिल्या दिवशी सर्व्हर डाऊन. दुसऱ्या दिवशी सायब मिटिंगेंत. तिसऱ्या दिवशी टेबलावर माझा जुना विद्यार्थी निघाला. प्रॅक्टिकलला याच्या परीक्षानळीत भलताच रंग आला होता, तरी मी त्याला पास केलं होतं. तो अदबीनं उठून उभा राहिला, खुर्ची दिली आणि म्हणाला, “सर, असलो फॉर्मेट आमचेकडेन ना.”

मी म्हटलं, फॉर्मेट कशाला हवा? माणूस जिवंत असेपर्यंत पेन्शन मिळते, एवढंच लिही. तो फाइल घेऊन हेडक्लार्कबाईंकडे गेला. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. अगदी डॉक्टर पाहतात तसं. म्हणाल्या, “तुमी कितलीं वर्सां जियेतले तें आमी कशें बरोवन (लिहून) दिवचें?”

बरोबर आहे त्यांचं. ‘आमरण’ हा शब्द आपल्या सरकारी खात्यांना फक्त उपोषणाच्या आधी पाहायची सवय. पण पत्र मिळालं बरं का! तेवीस दिवसांनी. पाच सह्या आणि एक शिक्का, तोही अर्धाच उमटलेला. मजकूर असा, की यांना ऑक्टोबरअखेरपर्यंतची पेन्शन मंजूर आहे, पुढची देणं नोव्हेंबरात हयातीचा दाखला सादर करण्यावर अवलंबून राहील.

ते घेऊन अर्ज स्वीकारणाऱ्या खिडकीवर गेलो. तिथल्या मुलीनं दोनदा वाचलं. “अंकल, म्हणजे तुमची पेन्शन नोव्हेंबरमध्ये बंद होणार?”

मी हसलो. हसायलाच हवं, रागावलात तर टोकन जातं. मग तिला सांगितलं, की बाई, भारतात पेन्शनर दर नोव्हेंबरात जिवंत होतो. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ आहे, बोट टेकवलं की काम झालं. ती म्हणाली, ते ठीक आहे, पण पत्रात ‘लाइफ’ शब्द नाही. आणि तुमचं बँक स्टेटमेंटही आता जुनं झालंय. ते का जुनं झालं? कारण तेवीस दिवस मी या पत्राची वाट बघत बसलो होतो! पोलिसांचा दाखलाही जुना होत चाललाय. एक कागद पिकेपर्यंत दुसरा सडतो, आणि दोन्हीकडची माणसं म्हणतात, आमचं तर काम झालं.

यावर मित्रांचा सल्ला, कुणाची तरी ओळख काढ, आमदाराच्या माणसाला सांग. कशाला? दोन ओळींच्या पत्राला आमदार? तुमच्या या ओळखी काढण्यानंच तर ही टेबलं अशी झाली आहेत. तुमचं काम होतं, तुम्ही पेढे वाटता आणि मागचा म्हातारा तसाच बाकावर. लाज वाटू द्या थोडी. आणि खिडकीवाल्यांनो, कुठला शब्द हवा ते तुमच्या यादीत आधीच छापा ना! की दर वेळी माणसानं फोंड्याहून कदंबा बस धरून पणजीला यायचं आणि एकेक शब्द घेऊन परत जायचं?

राहता राहिलास तू, माझ्या विद्यार्थ्या. उद्या सकाळी दहाला मी पुन्हा येतोय. खुर्ची नको, उठून उभाही राहू नकोस. ‘पेयेबल फॉर लाइफ’, तीन शब्द. टाइप कर, सही घे आणि शिक्का मारायच्या आधी पॅडवर शाई घाल.