आईचं ऐकायचं नाही

दहा वर्षं घसा कोरडा करून पोरांना एकच गोष्ट शिकवली : आईचं ऐकायचं. ती जेमतेम ऐकायला लागली होती, तेवढ्यात माझे डॉक्टर म्हणाले, "आता त्यांना शिकवा, की अशा वेळी आईचं अजिबात ऐकायचं नाही."

'अशा वेळी' म्हणजे माझी शुगर घसरते तेव्हा. माझा मधुमेह टाइप वन. अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, ते दिवसातून चारदा टोचून घ्यावं लागतं. टोचणं, खाणं आणि पायपीट यांचा हिशोब जरा चुकला की शुगर ७० च्या खाली येते. हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं. ५४ च्या खाली गेली की डोकंही साथ सोडायला लागतं. मेंदू चालतो साखरेवर. आणि साखर संपली की माझ्या मेंदूत सगळ्यात आधी बंद पडतं ते 'साखर संपली आहे' हे कळवणारं खातं. म्हणून मी घामाने निथळत ठासून सांगते, "मला काहीही झालेलं नाही."

नवरा हिंजवडीला. तिथून कोथरूडला तो कधी पोचेल हे तो आणि चांदणी चौक यांच्यातलं प्रकरण आहे. तोवर माझं वैद्यकीय पथक म्हणजे थोरली (वय १०), धाकटा (वय ७) आणि मार्गदर्शक सासूबाई.

प्रशिक्षणाला मुहूर्त धरला १४ नोव्हेंबरचा. त्या दिवशी बालदिन असतो आणि जागतिक मधुमेह दिनही, कारण इन्सुलिनच्या शोधातले बँटिंगसाहेब जन्मले तेही १४ नोव्हेंबरलाच. "म्हणजे आमच्या दिवशीपण तुझंच!" थोरलीने पहिला आक्षेप नोंदवला.

पहिला धडा साखरेचा. "आईची शुगर लो झाली तर काय आणायचं?" असं विचारताच धाकटा धावत जाऊन शुगर-फ्रीच्या गोळ्यांची डबी घेऊन आला. आईला चालते ती साखर! त्याचं काय चुकलं? जन्मापासून त्याने घरात 'आईला गोड देऊ नका' हेच ऐकलेलं. त्या गोळ्यांत साखर नसते, म्हणून तर त्या मला चालतात, हे त्याला पटवेपर्यंत सासूबाई पेढा घेऊन हजर. पेढ्याची अडचण अशी, की त्यातली साखर खव्यातल्या तुपात अडकते, गणपतीच्या आदल्या दिवशी लक्ष्मी रोडवर रिक्षा अडकावी तशी. पोचते, पण तोवर आपलं काम तमाम. चॉकलेटचंही तेच. तातडीला साधी साखर, ग्लुकोजची पूड किंवा अर्धा ग्लास ज्यूस. सासूबाईंना हे काही केल्या पटेना. "शुगरच्या माणसाला साखर? मग आगीवर रॉकेल ओता की."

दुसरा धडा पंधरा-पंधराचा. १५ ग्रॅम साखर द्यायची, म्हणजे चहाचे सपाट चार चमचे. मग १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. हे थांबणं म्हणजे शिक्षा आहे. शुगर लो झाली की अशी वखवख सुटते की माणूस डब्यातली शंकरपाळी संपवून डब्याकडे बघायला लागतो, आणि तासाभराने मीटर २८० दाखवतं. म्हणून ती १५ मिनिटं थोरलीने फ्रिजला पाठ लावून उभं राहायचं असं ठरलं. तिने हे पद इतक्या तडफेने स्वीकारलं, की शुगर नॉर्मल असतानाही मी दही काढायला गेले तर कारण विचारते.

बोट टोचण्याचं खातं धाकट्याकडे. ऐन मे महिन्यात त्याने माझी शुगर ३१८ काढली. मी हबकले. मग लक्षात आलं, धाकटा नुकताच आमरस चापून उठला होता, तसाच माझं बोट धरून. साबणाने दोघांचे हात धुऊन पुन्हा काढली तर १२१. हात धुण्याचा नियम त्या दिवशी लागू झाला.

तिसरा धडा बेशुद्धीचा. एका शनिवारी हॉलमध्ये रंगीत तालीम ठेवली. मी सतरंजीवर निपचित. थोरलीने मला कुशीवर वळवलं, वरचा गुडघा दुमडला, हनुवटी जराशी वर केली. धाकटा टीव्हीचा रिमोट कानाला लावून १०८ शी बोलत होता. "हॅलो, आमची आई बेशुद्ध आहे. बी विंग, दुसरा मजला."

"गिरणीसमोर म्हण आधी," आतून सासूबाई.

ती गिरणी बंद पडून वीस वर्षं झाली, तिथे आता जिम आहे. पण आमच्या गल्लीत जिमसमोर कुणीच राहत नाही, सगळे गिरणीसमोरच राहतात.

एवढ्यात लॅच उघडून कामाच्या मावशी आत आल्या. "अगं बया! वहिनी गेल्या का काय!" म्हणत त्या चपलेसकट स्वयंपाकघरात घुसल्या. बाहेर आल्या त्या एका हातात बुक्कीने फोडलेला कांदा आणि दुसऱ्या हातात साखरपाण्याचा तांब्या घेऊन. कांदा माझ्या नाकात, तांब्या ओठाला.

"तोंडात काहीऽऽ घालायचं नाही!" थोरली किंचाळली. "आईला गिळता येत नाहीये, ते श्वासनलिकेत जाईल!"

"तू गप गं. मी दोन माणसं उठवलीत कांद्यावर."

थोरलीने तांब्या धरला. मावशींनी ओढला. अर्धं पाणी माझ्या मानेवरून सतरंजीत गेलं, पण पोरगी मागे हटली नाही. मला अभिमानाने भरून आलं होतं. तेवढ्यात शिंक आली. मावशी सोसायटीत आजही सांगतात, वहिनींना कांद्याने वाचवलं.

खरी पंचाईत पुढे झाली. लक्षणांच्या यादीत 'चिडचिड' आहे. हे मीच त्यांना शिकवलं होतं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? गणिताची वही उघडून मी "हे काय लिहिलंयस?" एवढंच म्हणायचा अवकाश, थोरली शांतपणे म्हणते, "आई, तुझी शुगर लो आहे." "नाहीये!" "तू नेहमी असंच म्हणतेस." तोवर धाकटा सुई घेऊन तयार. एकाच आठवड्यात मला इतक्यांदा टोचलं, की पट्ट्यांचा डबा रविवारच्या आत संपला. पट्ट्या स्वस्त नसतात. ओरडायला हवं होतं, पण धीर होईना.

शेवटी बोट टोचण्याआधी तोंडी परीक्षा घ्यायचं ठरलं. थोरलीने सतराचा पाढा विचारला. सतरा चोकला माझी गाडी थांबली. पोरांनी साखर कालवली, मीटर काढलं, शुगर ११२. "सतराचा बाद," धाकट्याने जाहीर केलं, "आईला तो येतच नाही." तेव्हापासून बाराचा.

मग तो रविवार. सकाळी सगळे पर्वती चढून आलो आणि मिसळ खायला गेलो. नंबर लागला, टेबल मिळालं, मिसळ आता येतेच म्हणून मी इन्सुलिन टोचून घेतलं. इथे चुकलं. पायऱ्यांनी साखर आधीच खाल्ली होती, त्यात औषध चढायला लागलं, आणि मिसळ काही येईना. मी वाढप्याला हाक मारली. मग मालकाला. मग शेजारच्या टेबलावर आमच्यानंतर आलेल्या लोकांना मिसळ कशी मिळाली, याची त्या लोकांकडेच चौकशी केली. नवरा मोबाइलमध्ये. त्याला यात वावगं काही दिसलं नाही.

"आई, बाराचा पाढा म्हण."

"इथे? लोक बघतायत."

"म्हण."

"बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, बारा त्रिक..." आणि पुढे काहीच नाही. नुसता पंख्याचा आवाज. कागदी रुमालाची मी बारीक बारीक घडी घालत होते, हे मला नंतर कळलं.

"मला काही झालेलं नाही," मी म्हणाले. थोरलीने ऐकलं नाही. पर्समधली ग्लुकोजची पुडी काढली, तर ती रिकामी. ऑरेंज स्वाद धाकट्याला फार आवडतो. त्याने बहिणीकडे एकदाच पाहिलं आणि चहाच्या काउंटरकडे धूम ठोकली. कागदी कपात साखर घेऊन आला. चार चमचे, सपाट, मोजून. बोट धुऊन पुसून टोचलं : ५२. नवऱ्याचा मोबाइल तेव्हा खाली आला.

पंधरा मिनिटं थोरलीने शेवेची वाटी आपल्या कोपराखाली दाबून ठेवली. मग ९४. मी बाराचा पाढा बारा दाहे वीसाशेपर्यंत म्हटला. शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा मान डोलावत होते. तेवढ्यात मिसळ आली. मी एक घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि मालकांना हाक मारली. तर्री गार होती, पाव कालचे होते, आणि हे मी त्यांना जरा सविस्तर सांगितलं.

नवरा घाबरून म्हणाला, "पुन्हा तपासा रे हिची."

धाकट्याने मीटरकडे एकवार पाहिलं आणि पाव मोडत म्हणाला, "नको बाबा. ९४ आहे. ही आईच आहे."